एमआर डँपर पहिल्यांदाच बनवताय? आधी गॅप ठरवा, पावडर नंतर घ्या

एमआर म्हणजे मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल. एमआर डँपर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात घट्ट होणारा द्रव भरलेला, करंटने बल बदलता येणारा शॉकअप. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तो घ्यायचं ठरलं की पहिली ऑर्डर बहुधा लोखंडाच्या पावडरीची जाते. द्रव तयार होतो, बाटलीला चुंबक लावून तो घट्ट होताना दाखवला जातो, गटातले सगळे खूश होतात. पुढे डँपर जोडून करंट सोडला की बलात जेमतेम दहा-वीस टक्के फरक पडतो आणि सगळा दोष द्रवाच्या माथी मारला जातो. खरं तर चुंबकीय मार्गात कुठेतरी पोलाद कमी पडलेलं असतं, गॅप (पिस्टन आणि ट्यूब यांच्यातली फट) एका बाजूला सरकलेली असते किंवा कॉइलला पुरेसे वेढेच बसलेले नसतात.

म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी गॅप, मग चुंबकीय मार्ग, मग कॉइल, मग लेथवरचं काम आणि सगळ्यात शेवटी द्रव. आकडेमोड हवेत राहू नये म्हणून एकच डँपर शेवटपर्यंत घेतला आहे: ४० मिमी बोअर (ट्यूबचा आतला व्यास), ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची एकूण हालचाल) आणि १ ते १.५ किलोन्यूटन बल. नागपूरचं व्हीएनआयटी असो की वानाडोंगरीचं वायसीसीई, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आणि हिंगणा एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्यांकडे हा डँपर बनू शकतो.

द्रवाबद्दल सुरुवातीला एवढंच लक्षात असू द्या. तेलात १ ते १० मायक्रॉनचे लोखंडाचे कण असतात. चुंबकीय क्षेत्र लागलं की क्षेत्राच्या दिशेने त्यांच्या साखळ्या बनतात, आणि त्या साखळ्या तुटेपर्यंत द्रव वाहत नाही. ज्या ताणाला तो वाहू लागतो तो यील्ड ताण. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनोव यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हे तत्त्व क्लचसाठी वापरलं. २००२ मध्ये कॅडिलॅकच्या मोटारीत ते शॉकअपमध्ये आलं. फेरोफ्लुइड मात्र वेगळी वस्तू. त्यातले कण सुमारे १० नॅनोमीटरचे असतात आणि डँपरला लागतो तेवढा यील्ड ताण त्यात तयार होत नाही. चुंबक लावला की काटे उभे राहणाऱ्या काळ्या द्रवाची जी बाटली ऑनलाइन मिळते, ती म्हणजे फेरोफ्लुइड. ती घेऊ नका.

काय काय लागेल

सुटे भाग आणि साहित्य:
- ४० × ५० मिमीची होन केलेली हायड्रॉलिक ट्यूब, सुमारे १६५ मिमी लांब
- पिस्टनच्या कोअरसाठी ईएन१ए (कमी कार्बनचं पोलाद) किंवा त्याहून कमी कार्बनचा गोल बार, ४० मिमी व्यासाचा
- १४ मिमीचा ३०४ स्टेनलेस रॉड, हार्ड क्रोम केलेला, सुमारे ३०० मिमी
- दोन्ही टोकांच्या झाकणांसाठी अ‍ॅल्युमिनियम
- रॉडसाठी दोन बुश, दोन रॉड सील, दोन वायपर, एनबीआरच्या (नायट्राइल रबराच्या) ओ-रिंग
- २८ एसडब्ल्यूजीची (तारेच्या जाडीचं गेज) एच क्लास इनॅमल तार, नोमेक्सचा इन्सुलेशन कागद, सावकाश सुकणारं अरल्डाइट
- कार्बोनिल आयर्न पावडर, हायड्रॉलिक तेल, ओलेइक अ‍ॅसिड, लिथियम ग्रीस

कागदपत्रं: प्रत्येक भागाचं टॉलरन्ससह छापील ड्रॉइंग, पोलादाचं मटेरियल सर्टिफिकेट, पावडरीचं विश्लेषण प्रमाणपत्र आणि सेफ्टी डेटा शीट, आणि चाचणी यंत्र वापरायचं असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. फोनवर ड्रॉइंगचा फोटो पाठवून काम टाकू नका. टॉलरन्स लिहिलेला कागद टर्नरच्या हातात असेल तरच नंतर काही बोलता येतं.

१. रचना निवडा: पहिल्या डँपरला रॉड आरपारच ठेवा

गाडीच्या शॉकअपमध्ये रॉड एकाच बाजूने आत येतो. तो जेवढा आत येईल तेवढा द्रव हटतो, त्यासाठी नायट्रोजनचा कप्पा आणि तरंगता पिस्टन लागतो. पहिल्याच प्रयत्नात तो गॅसकप्पा गळका होतो आणि सहा महिन्यांतले दोन त्यातच जातात. रॉड दोन्ही बाजूंनी आरपार नेला की आतलं आकारमान बदलत नाही, गॅसचा प्रश्नच राहत नाही. शिवाय रॉडला दोन्ही झाकणांत आधार मिळतो आणि पिस्टन मध्यभागी राहतो. या दुसऱ्या फायद्याची किंमत पुढे कळेल.

एक अडचण मात्र येते. खालून बाहेर येणाऱ्या रॉडला जागा हवी, म्हणून खालच्या झाकणाला पोकळ नळी जोडून तिच्या टोकाला क्लेव्हिस (पिन घालायचा दुपाखी काटा) लावा. ड्रॉइंगमध्ये ही नळी विसरली तर डँपर चाचणी यंत्रावर बसतच नाही.

२. गॅप आणि पोल ठरवा

पिस्टनच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून ट्यूबच्या आतल्या भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे गॅप. पिस्टन ३८ मिमी, बोअर ४० मिमी, म्हणून गॅप १ मिमी. पिस्टनच्या दोन टोकांना १० मिमी रुंदीचे पोल (जिथून चुंबकीय क्षेत्र गॅप ओलांडतं ते पोलादी भाग) आणि मध्ये २५ मिमीची कॉइल, म्हणजे पिस्टन ४५ मिमी लांब झाला.

बलाचं सूत्र शब्दांत असं: यील्डमुळे येणारा दाब = गुणक × यील्ड ताण × पोलची एकूण लांबी ÷ गॅप. गुणक २ ते ३ दरम्यान असतो. आपल्यासारख्या हळू चालणाऱ्या डँपरला तो २.१ च्या आसपास येतो. सरसकट ३ धरून बल फुगवू नका. इथे फक्त पोलची लांबी धरायची, म्हणजे २० मिमी. कॉइलसमोरच्या भागात क्षेत्र जवळजवळ नसतं. पूर्ण ४५ मिमी धरणं ही नवख्यांच्या अहवालात सर्रास दिसणारी चूक आहे.

यील्ड ताण क्षेत्रावर अवलंबून असतो. आकारमानाने ३२ टक्के लोखंड असलेल्या हायड्रोकार्बन तेलाच्या द्रवासाठी एमआर द्रवांचे संशोधक कार्लसन यांच्या प्रचलित सूत्राने हे आकडे येतात (पहिला आकडा लावलेल्या क्षेत्राचा जोर, टेस्लातला आकडा त्यामुळे द्रवात मिळणारी फ्लक्सची घनता):

- ५० किलोअँपिअर प्रति मीटर: यील्ड ताण सुमारे १५ किलोपास्कल, द्रवातलं क्षेत्र ०.३२ टेस्ला
- १००: २७ किलोपास्कल, ०.५२ टेस्ला
- १५०: ३५ किलोपास्कल, ०.६५ टेस्ला
- २००: ४१ किलोपास्कल, ०.७४ टेस्ला

१५० वरून २०० वर जायला एक तृतीयांश जास्त चुंबकीय जोर लागतो, हाती येतो फक्त १५ टक्के ताण. म्हणून १५० वर थांबणं शहाणपणाचं. आता आकडे घाला. दाब = २.१४ × ३५.४ × २० ÷ १, म्हणजे सुमारे १.५ मेगापास्कल. पिस्टनचं रॉड वजा केलेलं क्षेत्रफळ ९८० चौमिमी. बल सुमारे १,४८० न्यूटन.

करंट नसतानाचं बलही काढायलाच हवं. इथे पूर्ण ४५ मिमी लांबी धरायची आणि गॅपचा घन भाजकात येतो. ०.१ मीटर प्रति सेकंद वेगाला आणि ०.११ पास्कल-सेकंद व्हिस्कॉसिटीला ते फक्त ४५ ते ५० न्यूटन येतं. सीलचं घर्षण त्याहून जास्त, ८० न्यूटन धरा. करंट असताना आणि नसताना यांचं गुणोत्तर सुमारे बारा. हाच डँपरचा खरा दर्जा आहे, अहवालात तो आकडा ठळक लिहा.

गॅप अर्धा मिमी केली तर यील्डचं बल दुप्पट होतं, हे बघून मोह होतो. पण करंट नसतानाचं द्रवाचं बल आठपट होतं, आणि मशीनिंगमधली ०.१ मिमीची चूक दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जाते. पहिल्या डँपरला १ मिमीच्या खाली उतरू नका.

३. चुंबकीय मार्ग तपासा

फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, कोअरमधून निघतो, एका पोलमधून गॅप ओलांडतो, ट्यूबच्या भिंतीतून मागे येतो आणि दुसरी गॅप ओलांडून कोअरमध्ये परततो. या वर्तुळात सगळ्यात अरुंद जागा जिथे असेल तिथे सगळं अडतं.

पोलचं क्षेत्रफळ सुमारे १,२२५ चौमिमी. त्यातून ०.६५ टेस्ला म्हणजे ०.७९ मिलिवेबर फ्लक्स. कमी कार्बनचं पोलाद दीड टेस्लाच्या पुढे दमतं, म्हणजे मार्गात कुठेही ५३० चौमिमीपेक्षा कमी पोलाद नको.

कोअर ३० मिमी व्यासाचा घेतला तर ७०७ चौमिमी मिळतात, पण मधून १४ मिमीचा स्टेनलेस रॉड जातो. ३०४ स्टेनलेस चुंबकाच्या दृष्टीने जवळपास हवाच. ते १५४ वजा केले की उरले ५५३. म्हणजे १.४३ टेस्ला, काठावर पण चालेल. रॉड वजा करायला विसरून कोअर २६ मिमीचा ठेवला, तर पोलाद संपृक्त होतं आणि करंट कितीही वाढवला तरी बल हलत नाही. ट्यूबची भिंत ५ मिमी, क्षेत्रफळ ७०७ चौमिमी, तिथे काही अडचण नाही.

रॉड साधा चुंबकीय क्रोम बार घेतला तर? कोअरला पोलाद जास्त मिळेल, पण फ्लक्स रॉडवाटे बाहेर पळेल, रॉड थोडा चुंबकीय होईल आणि लोखंडाचे कण सीलच्या ओठाशी जमून त्याला कुरतडतील. झाकणं अ‍ॅल्युमिनियमची ठेवण्याचं कारणही तेच.

आता अँपिअर-वेढे, म्हणजे करंट गुणिले कॉइलचे वेढे. दोन गॅप मिळून २ मिमी × १५० किलोअँपिअर प्रति मीटर = ३००. पोलादासाठी सुमारे १००. वाटेत गळणाऱ्या फ्लक्ससाठी चौथा हिस्सा वर. एकूण ५००.

हे हाताने काढून झालं की चुंबकीय क्षेत्राची गणना करणाऱ्या फेम (FEMM) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अक्षाभोवती सममित मॉडेल करा. द्रवाचा बी-एच आलेख त्यात स्वतः भरावा लागतो, वरचे चार बिंदू सुरुवातीला पुरतात. हाताचं उत्तर आणि फेमचं उत्तर यांत वीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर बहुधा एककांत गडबड आहे किंवा पोलादाला चुकीचं मटेरियल दिलंय.

४. कॉइल

कोअर ३० आणि पिस्टन ३८, म्हणजे खाच ४ मिमी खोल. खालचा नोमेक्स आणि वरचा अरल्डाइटचा थर सोडून तारेला २.८ मिमी खोली आणि साधारण २३ मिमी रुंदी उरते. २८ गेजची तार इनॅमलसकट सुमारे ०.४२ मिमी. सहा थर, प्रत्येकी ५३-५४ वेढे, एकूण ३२० वेढे. दीड अँपिअरला ४८० अँपिअर-वेढे, लक्ष्याच्या पुरेसं जवळ. तारेची लांबी ३४ मीटर, रोध सुमारे ५.३ ओहम, विजेचा खर्च १२ वॉट.

जाड तार घेतली तर काय? २६ गेजमध्ये वेढे २२५ बसतात आणि करंट २.२ अँपिअर लागतो. उष्णता जवळपास तेवढीच. खाच तेवढीच असेल तर तार बदलून फक्त व्होल्टेज आणि करंटची अदलाबदल होते. तुमच्याकडे जो पॉवर सप्लाय असेल त्याला जुळणारं गेज घ्या. या करंटला तारेत प्रति चौमिमी १३ अँपिअर जातात, हे सतत चालवण्यासाठी फार आहे. पूर्ण करंट एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका.

वाइंडिंग हाताने करत बसू नका. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कोअर घेऊन जा. पंपाच्या मोटारी भरणाऱ्याला सहा थरांची कॉइल म्हणजे किरकोळ काम. त्याला तीन गोष्टी सांगा: वेढे थरावर थर नीट बसवायचे, खाचेच्या कडा आधी घासून बोथट करायच्या आणि टोकाच्या तारा एकाच बाजूने काढायच्या. परत घेण्याआधी मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) कॉइल आणि कोअर यांच्यातलं इन्सुलेशन बघा. इथे दोष निघाला तर तार सोडून पुन्हा भरता येते, अरल्डाइट ओतल्यावर पूर्ण पिस्टन फेकावा लागतो.

अरल्डाइट झटपट सुकणारं वापरू नका. ते ऊन लागलं तरी मऊ पडतं, इथे तर पिस्टन शंभर अंशांजवळ जाऊ शकतो. सावकाश सुकणारं मिश्रण शक्य असल्यास व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढून ओता, एक दिवस सुकू द्या आणि मगच पिस्टन ३८ मिमीला टर्न करा. म्हणजे पोल आणि कॉइल एका पातळीत येतात.

तारा रॉडमधल्या ४ मिमीच्या भोकातून बाहेर येतात. भरलेल्या डँपरची पहिली गळती सीलमधून होत नाही, याच भोकातून होते. तेल तांब्याच्या तारेच्या आवरणाआतूनही चढतं. म्हणून भोकाच्या तोंडाशी १० मिमी लांबीत तारेचं आवरण काढा, इनॅमल राहू द्या, दोन्ही तारा एकमेकींपासून सुट्या ठेवा आणि ती जागा अरल्डाइटने गच्च भरा.

५. लेथवर काय सांगायचं

टर्नरला सगळ्यात आधी सांगायची गोष्ट: झाकणाचा ट्यूबमध्ये बसणारा खांदा आणि बुशचं भोक एकाच सेटिंगमध्ये काढायचं. चकमधून काम काढून उलटं लावलं की समाक्षता गेली. पिस्टन आणि बोअर यांची केंद्रं ०.०५ मिमीच्या आत जुळायला हवीत. ती ०.२ मिमीने सरकली तर एका बाजूला गॅप ०.८ आणि दुसऱ्या बाजूला १.२ होते. अरुंद बाजूला क्षेत्र वाढतं, पिस्टन तिकडे ओढला जातो, रॉड बुशवर घासतो आणि द्रव रुंद बाजूने निसटतो. चाचणीत बल कमी आणि घर्षण जास्त दिसतं, कारण शोधायला आठवडा जातो.

दुसरा सापळा पोलादाचा. ईएन१ए मागितलं तरी दुकानात पडलेलं ईएन८ हातात येतं, कारण शाफ्टसाठी सगळे तेच नेतात. त्यात ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. ते चुंबकीय फ्लक्स कमी नेतं आणि करंट बंद केल्यावर जास्त चुंबकत्व धरून ठेवतं. डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून सर्टिफिकेट मागा.

रॉडवर हार्ड क्रोमचा थर २० मायक्रॉनच्या आसपास हवा. कोरा स्टेनलेस मऊ असतो आणि लोखंडाचे कण पॉलिश पेपरसारखं काम करतात.

ट्यूबची एकूण लांबी ठरवताना आतली मोकळी लांबी ११५ मिमी धरा: पिस्टन ४५, स्ट्रोक ५० आणि दोन्ही टोकांना १० मिमी राखीव. बाकीचे २५-२५ मिमी झाकणांच्या खांद्यांसाठी.

६. द्रव

तयार द्रव घेता आला तर घ्या. लॉर्ड कंपनीचा एमआरएफ-१३२डीजी अभ्यासात सगळ्यात जास्त वापरला जातो आणि त्याचे आलेख उघडपणे मिळतात. स्वतः बनवायचा असेल तर ३२ टक्क्यांच्या मागे लागू नका. एवढं लोखंड एकसारखं मिसळणं अवघड जातं. २५ टक्क्यांवर सुरू करा. यील्ड ताण २४ किलोपास्कलवर येईल आणि आपल्या डँपरचं बल सुमारे १ किलोन्यूटन. प्रोजेक्टला ते भरपूर आहे.

डँपरमध्ये सुमारे ८३ मिली द्रव लागतो. सांडणं आणि चाचण्या धरून १५० मिली बनवा:

- कार्बोनिल आयर्न पावडर २९५ ग्रॅम
- व्हीजी ४६ हायड्रॉलिक तेल ९८ ग्रॅम
- ओलेइक अ‍ॅसिड ४ ते ५ ग्रॅम
- लिथियम ग्रीस ३ ग्रॅम

पावडर विकत घेताना “आयर्न पावडर” एवढंच सांगितलं तर १०० किंवा ३०० मेशची मिळेल. ३०० मेश म्हणजे सुमारे ५० मायक्रॉन, ते कण काही मिनिटांत तळाशी बसतात. प्रमाणपत्रावर “कार्बोनिल” हा शब्द आणि मधला कणव्यास ३ ते ७ मायक्रॉन हे दोन्ही पाहूनच पैसे द्या. डबा उघडला की लगेच बंद करा. इथल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एवढी बारीक पावडर गंजते, गंजलेला कण चुंबकाला कमी प्रतिसाद देतो. पावडर हवेत उडाली तर पेटू शकते आणि फुफ्फुसात जाऊ नये, म्हणून पंखा बंद, एन-९५ मास्क, जवळपास ग्राइंडर किंवा ठिणगी नको.

मिसळण्याचा क्रम: तेल ५० ते ६० अंशांपर्यंत गरम करा, ओलेइक अ‍ॅसिड घाला, दहा मिनिटं ढवळा. मग पावडर चमचा-चमचा टाकत अर्धा तास ढवळा, शेवटी ग्रीस घालून आणखी दोन-तीन तास. वरून फिरणारा यांत्रिक ढवळा वापरा, त्याचं पातं प्लॅस्टिक किंवा ३०४ स्टेनलेसचं हवं. केमिस्ट्रीच्या लॅबमधला चुंबकीय स्टरर इथे कामाचा नाही, सगळी पावडर त्याच्या दांडीला चिकटून बसते.

द्रव बरोबर झाला का, हे वजनावरून कळतं. सिरिंजमध्ये १० मिली घेऊन तोला. २६ ग्रॅमच्या जवळ आलं पाहिजे. २४ आलं तर आत हवा आहे किंवा पावडर भांड्याच्या तळाशी राहिली आहे. थोडा द्रव उभ्या परीक्षानळीत ठेवून दुसऱ्या दिवशी वर किती मिमी स्वच्छ तेल सुटलं ते मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. थर सुटणारच, पण हलवल्यावर तो सहज मिसळला पाहिजे. तळाशी चमच्याने खरवडावं लागेल असा गोळा झाला असेल तर ओलेइक अ‍ॅसिड कमी पडलंय.

तेल खनिज असल्यामुळे सील एनबीआर किंवा पॉलियुरेथेनचेच घ्या. ईपीडीएम रबर या तेलात फुगतं.

७. भरणं

डँपर उभा धरा, खालचं झाकण आणि पिस्टन बसवून घ्या. द्रव व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग मोठ्या सिरिंजने थोडा-थोडा ओता, प्रत्येक वेळी पिस्टन सावकाश वर-खाली करा आणि ट्यूबला लाकडी ठोकळ्याने हलके टोले द्या. पिस्टनखाली अडकलेली हवा अशीच निघते.

नागपूरच्या हवेसाठी एक खास सूचना. मे महिन्यात ४५ अंशांत काठोकाठ भरलेला डँपर डिसेंबरच्या रात्री दहा अंशांवर आला की तेल आकसतं आणि आत पोकळी होते. उलट हिवाळ्यात भरलेला डँपर मेमध्ये फुगून सील बाहेर ढकलतो. पन्नास अंशांच्या फरकाला आपल्या डँपरमध्ये सुमारे २ मिलीचा फरक पडतो. म्हणून एका झाकणात स्प्रिंगवरचा छोटा पिस्टन द्या किंवा किमान बंद पेशींच्या एनबीआर फोमचा तुकडा बसवा. मोकळी हवा सोडून देणं हा उपाय होत नाही, ती द्रवात मिसळून गॅपमध्ये येते.

८. करंट देणं

बल मोजण्यापुरता लॅबचा पॉवर सप्लाय पुरतो, फक्त तो स्थिर करंटवर चालवा. स्थिर व्होल्टेजवर ८ व्होल्ट दिले तर थंड कॉइलमधून दीड अँपिअर जातो. कॉइल शंभर अंशांवर गेली की रोध ७ ओहमच्या जवळ पोहोचतो आणि करंट १.१५ वर घसरतो. मग बल कमी झालं ते द्रव तापल्यामुळे की करंट घसरल्यामुळे, हे सांगता येत नाही.

बल किती लवकर चढतं हे दाखवायचं असेल तर कॉइलचं इंडक्टन्स आडवं येतं. आपल्या कॉइलचं ते सुमारे ०.१७ हेन्री, रोधाने भागलं की ३२ मिलिसेकंद. जेमतेम ८ व्होल्टवर करंट पूर्ण चढायला १०० मिलिसेकंद लागतात, १२ व्होल्टच्या करंट ड्रायव्हरवर ३५ आणि २४ व्होल्टच्या ड्रायव्हरवर १३. मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), करंट सेन्स रोध आणि पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून करंट राखणं) असा ड्रायव्हर नागपुरात बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या सुट्या भागांतून उभा राहतो. मॉसफेटच्या बचावासाठी कॉइलला उलटा डायोड लावावाच लागतो, पण नुसत्या डायोडने करंट उतरायलाही तेवढाच वेळ लागतो. डायोडसोबत झेनर घातला की तो झपाट्याने पडतो.

९. चाचणी आणि आलेख वाचणं

कॉलेजमध्ये सर्वो-हायड्रॉलिक यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर मोटर, गिअरबॉक्स आणि स्कॉच योक (फिरण्याचं सरळ पुढे-मागे हालचालीत रूपांतर करणारी जोडणी). २० मिमी अँप्लिट्यूड आणि ०.८ हर्ट्झ ठेवले की कमाल वेग ०.१ मीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे आपण गणितात धरलेलाच. लोडसेल ५०० किलोचा एस टाइप घ्या. त्याला स्वस्तातलं एचएक्स७११ हे लोडसेल वाचणारं मॉड्यूल जोडलंत तर ते मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला दहाच वाचनं देतं आणि आलेख तुटक येतो. जास्तीत जास्त ८० मिळतात, तीही प्रतिसादकाळ मोजायला अपुरी. इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर लावून सेकंदाला किमान ५०० वाचनं घ्या.

करंट ०, ०.२५, ०.५, १ आणि १.५ अँपिअर, प्रत्येकी दहा फेऱ्या. पूर्ण करंटला १ किलोन्यूटन बलाने डँपर सुरुवातीला दर मिनिटाला चार-पाच अंशांनी तापतो. म्हणून दोन चाचण्यांमध्ये थांबा आणि ट्यूबवर थर्मोकपल चिकटवून तापमान प्रत्येक वाचनाजवळ लिहा.

बल आणि विस्थापन यांचा आलेख जवळजवळ आयत यायला हवा. तो बिघडला तर कारण बहुधा आकारातच दिसतं:

- दिशा बदलताना बल क्षणभर शून्याजवळ रेंगाळतं, आयताच्या कोपऱ्यात खाच पडते: आत हवा आहे किंवा द्रव कमी आहे. पुन्हा भरा.
- आयत तिरका, समांतरभुज चौकोनासारखा: चाचणीची चौकट किंवा क्लेव्हिसच्या पिना लवचिक आहेत. डँपरला दोष देण्याआधी पिनांचा ढिलेपणा काढा.
- एका दिशेला बल जास्त: उंचसखल बसवणी, घासणारा बुश किंवा लोडसेलचं शून्य सरकलेलं.
- १ अँपिअर आणि १.५ अँपिअरचे आयत जवळपास एकावर एक: कोअर संपृक्त झालाय. तिसऱ्या पायरीवर परत जा.
- करंट बंद केल्यावरही बल सुरुवातीच्या शून्य करंटपेक्षा जास्त: पोलादात उरलेलं चुंबकत्व. करंटची दिशा आलटूनपालटून दर वेळी थोडा कमी करत शून्यावर आणा.
- करंट दिला तरी काहीच बदल नाही: आधी कॉइलचा रोध मोजा. ५.३ ओहमऐवजी अनंत दाखवत असेल तर रॉडच्या भोकाशी तार तुटली आहे.

डँपर काही आठवडे पडून राहिला असेल तर पहिल्या पाच-सहा फेऱ्या करंट न देता मारा आणि त्यांची वाचनं टाकून द्या, खाली बसलेले कण तेवढ्यात मिसळतात. आडवा ठेवलेला डँपर एका बाजूला जड होतो, म्हणून तो उभाच ठेवा. सगळ्या चाचण्या संपल्यावर द्रव काढून पुन्हा १० मिली तोला आणि बोटांत थोडा चोळून बघा. भरताना होता त्यापेक्षा स्पष्ट दाट वाटत असेल, तर कण झिजून आणखी बारीक झालेत, आणि करंट नसतानाच्या बलाच्या पहिल्या व शेवटच्या आकड्यांतला फरक अहवालात लिहायला हवा.